डब्यात मोटर नाही, चाकं नाहीत, मग पैसे कशाचे? महागडी आरसी टूरिंग कार बांधताना

यूट्यूबवर आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवरच्या, टूरिंग कारच्या शर्यती पाहिल्या की दारव्हा-दिग्रसकडच्या पोट्ट्यांचा पहिला प्रश्न असतो, गाडी केवढ्याची? किंमत कळली की दुसरा प्रश्न बापाचा. परदेशात ६०० ते ७५० डॉलरला मिळणारा डबा, आणि त्यात मोटर नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही, चाकं नाहीत, वरची बॉडीसुद्धा नाही. मग आहे काय त्यात?

सुटे भाग आहेत. कार्बन फायबरची नाहीतर ॲल्युमिनियमची चेसिस, दोन दातेरी पट्टे, वीसेक बेअरिंगं, चार शॉकअप, नंबर टाकलेल्या पिशव्यांमधून स्क्रू आणि चित्रांची पुस्तिका. एक्सरे, योकोमो, म्युगेन, शूमाकर, ऑसमॅटिक्स या कंपन्यांची वरच्या दर्जाची किटं अशीच येतात. चित्रं पाहून स्क्रू पिळायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. खरा कस दोनच गोष्टींत लागतो. गाडीची डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी हवी, आणि जो भाग हलायचा आहे तो कुठेही अडखळता कामा नये. पैसे मोजलेत ते हे दोन्ही साधता यावं म्हणून.

## आधी गाडी समजून घेऊ

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरच्या सेडानच्या एक दशांश मापाची, चारही चाकांना ताकद जाणारी, बॅटरीवरची शर्यतीची गाडी. रुंदी १९० मिमी, सगळं चढवून वजन साधारण १३५० ग्रॅम आणि पोट जमिनीपासून जेमतेम ५ मिमी वर. मोटरवरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या स्पर गिअरला फिरवतं. स्परच्या दांड्यावरून एक पट्टा पुढच्या चाकांकडे जातो, एक मागच्या.

वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. ट्रॅक्टर चिखलात रुतला की डिफ-लॉक दाबतात आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, हे गावात कोणालाही माहीत आहे. या गाडीत मागे तेल भरलेलं डिफरन्शियल असतं आणि पुढे बहुधा स्पूल. स्पूल म्हणजे कायमचा दाबून ठेवलेला डिफ-लॉक. वळणातून बाहेर पडताना पुढची दोन्ही चाकं गाडीला सारखी ओढतात, त्याचं कारण हेच.

## स्वस्त गाडी का नको?

खरं तर बहुतेकांनी पहिली गाडी म्हणून हे महागडं किट घेऊच नये. टामियाची टीटी-०२ ही २०१३ पासून मिळणारी साधी किट-गाडी शिकायला उत्तम. तिच्यात पट्ट्याऐवजी दांडा आहे आणि गिअर बंद खोक्यात असल्यामुळे आपल्याकडचा फुफाटा आत कमी जातो. बहुतेक वेळा मोटरही डब्यातच येते. आणि गाडी वावरातून, धुऱ्यावरून पळवायची असेल तर टूरिंग कारचा विचार सोडा, ऑफ-रोड बग्गी घ्या. ५ मिमी उंचीच्या गाडीला गोटाही आडवा येतो.

महागडं किट घ्यायचं ते सेटिंगसाठी. चाकाचा झुकाव, शॉकअपचं तेल, पट्ट्याचा ताण, सगळं तुमच्या हातात. तेच सेटिंग उद्या पुन्हा जसंच्या तसं लावताही येतं. स्वस्त गाडीत भागांमध्येच इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो की अर्ध्या अंशाचा फरक केला तरी तो जाणवत नाही.

## टेबलावर काय मांडून बसायचं

१.५, २ आणि २.५ मिमीचे चांगले हेक्स ड्रायव्हर. इथे काटकसर करू नका. हार्डवेअरच्या दुकानातल्या एल-कीच्या जुडीतली १.५ ची की थोडी जरी बारीक निघाली तरी ग्रब स्क्रूचं, म्हणजे डोकं नसलेल्या बारीक स्क्रूचं, तोंड गोल होतं, मग तो स्क्रू ड्रिलशिवाय निघत नाही. ३ मिमी स्क्रूच्या नटाला ५.५ चा पाना, चाकाच्या नटाला ७ चा. डिजिटल व्हर्निअर, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), बारीक पॉलिश पेपर, ग्रीस, ६० वॉटच्या वरचं सोल्डरिंग आयर्न. तेल मोजायला सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा.

सपाट पृष्ठभाग मात्र हवाच. लाकडी टेबल चालत नाही, ते वाकलेलं असतं. ओटे बसवणाऱ्याकडे पॉलिश ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात. दीड बाय एक फुटाचा तुकडा आणून त्यावर पट्टी उभी धरून उजेडात पाहा. पट्टीखालून उजेड दिसला नाही, की तो तुकडा घ्या.

स्क्रूंचे दोन नियम. धातूचा स्क्रू धातूत जात असेल तर थ्रेडलॉकचा बारीक थेंब. प्लॅस्टिकमध्ये जात असेल तर अजिबात नाही. तिथे ते धरत नाही आणि काही प्लॅस्टिकला तडे मात्र पाडतं. दुसरा नियम प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा लावताना. आधी हलकेच उलटा फिरवा, जुन्या आट्यात बसल्याची बारीक ‘टक’ जाणवते, मग सुलटा पिळा. थेट पिळलात तर नवे आटे कापले जातात आणि तिसऱ्या खेपेला भोक ढिलं होतं.

कार्बनच्या चेसिसच्या कडा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि कडेवर सुपरग्लूचा पातळ थर द्या, म्हणजे धक्क्याने थर उकलत नाहीत. कोरडं घासू नका, ती धूळ फुफ्फुसाला वाईट. आणि कार्बनमधून वीज वाहते. वायरचं आवरण कडेला घासून फाटलं की शॉर्ट झालंच समजा.

## डिफरन्शियल: तेल किती आणि कुठलं?

बंद डबीत दोन मोठे आणि चार छोटे गिअर असतात. डबीत सिलिकॉन तेल भरायचं. तेलाचा दाटपणा सेंटीस्टोक या एककात मोजतात. बाटलीवरचा आकडा जितका मोठा तितकं तेल दाट. मागच्या डिफरन्शियलला ५००० ही सुरुवात योग्य.

बाहेर निघणाऱ्या दांड्याच्या ओ-रिंगला ग्रीस लावून मगच दांडा आत सरकवा, कोरडी ओ-रिंग कापली जाते. तेल छोट्या गिअरांच्या आडव्या पिना जेमतेम बुडेपर्यंत भरायचं. काठोकाठ भरलं तर झाकण बसताना दाबाने गॅस्केटमधून झिरपतं आणि आठवडाभरात पट्टा तेलकट होतो. भरल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. रिकामी डबी आणि भरलेली डबी यांची वजनं वहीत लिहा, पुढच्या वेळी तेवढंच तेल जाईल. झाकणाचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे घट्ट करा.

## आर्म स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे

चाक धरणारे चार सस्पेन्शन आर्म पिनेवर वरखाली हलतात. ही जागा कंटाळून सोडून देणारे फार आहेत. शॉकअप लावण्याआधी आर्म वर उचलून सोडा. तो धपकन खाली पडला पाहिजे. रेंगाळला तर आधी साच्यातून उरलेला प्लॅस्टिकचा कण शोधा आणि ब्लेडने साफ करा. तरीही अडकत असेल तर पिनेच्या भोकात ३ मिमी रीमर (भोक साफ करणारी धारदार सळी) हाताने एकदा फिरवून घ्या. ड्रिल मशीन लावू नका, भोक मोठं होतं. पुढे-मागे प्ले असेल तर ०.१ किंवा ०.२ मिमीचा शिम, म्हणजे पातळ चकती, घाला. शिम घातल्यावर पुन्हा उचलून सोडा, कारण प्ले काढण्याच्या नादात आर्म आवळला जातो.

चाकाचे कोन ज्या सळ्यांनी बदलतात त्या टर्नबकलला एका बाजूला सुलटे आणि दुसऱ्या बाजूला उलटे आटे असतात. उलट्या आट्यांच्या बाजूला बहुधा खाच असते. गाडीतल्या सगळ्या सळ्यांची खाच एकाच दिशेला ठेवा, म्हणजे गाडी हातात असताना पाना कुठे फिरवायचा हे आठवावं लागत नाही. डाव्या-उजव्या सळीची लांबी ०.१ मिमीपर्यंत जुळवा. टोकाची वाटी गोळ्यावर घट्ट बसली तर ती गोळ्यावरच ठेवून पक्कडीने हलकी दाबा, मग मोकळी होते.

## चारही शॉकअप एकसारखे कसे करायचे?

शॉकअपची बॉडी उभी धरून तेल काठापर्यंत भरा. इथे तेल पातळ, साधारण ४०० सेंटीस्टोकचं. दट्ट्या अगदी सावकाश वर-खाली करा. आधी छिद्रांतून मोठे बुडबुडे निघतात, मग मोहरीएवढे, मग धुरासारखी पांढरी रेघ उठते. ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत दहा मिनिटं थांबा. घाईत झाकण लावलं तर हलवताना ‘चुळूक’ असा आवाज येतो. तो आवाज हवेचा. तसा शॉकअप पहिल्या मिलिमीटरभर काहीच अडवत नाही.

रबरी टोपी बसवून, जादा तेल बाहेर पडू देत, दट्ट्या पूर्ण आत दाबून झाकण आवळा. आता डावा आणि उजवा शॉकअप दोन हातांत धरून दोन्ही दांडे आत ढकला आणि सोडा. जेवढा एक बाहेर येतो तेवढाच दुसरा यायला हवा. एक निम्मा बाहेर येऊन दुसरा आतच राहिला तर उघडून पुन्हा भरा. मग दांडा पूर्ण ओढून दोन्हींची एकूण लांबी व्हर्निअरने मोजा, ती सारखी करा. दांडा साध्या पक्कडीत धरू नका. त्यावर ओरखडा पडला की प्रत्येक फेरीला ओ-रिंग घासून तेल गळतं.

उन्हाचाही हिशेब असतो. सिलिकॉन तेल गरम झालं की पातळ होतं. २५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं की साधारण पाव हिस्सा दाटपणा जातो, म्हणजे ४०० चं तेल ३०० सारखं वागतं. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. युरोपातल्या शर्यतीचा सेटिंगचा कागद पाहून तेल भरलं आणि दुपारी गाडी डोलायला लागली तर गाडीत दोष शोधू नका. उन्हाळ्यात एक-दोन पायऱ्या दाट तेल घ्या.

## पीळ: सगळं बरोबर असून गाडी एकीकडे का ओढते?

चेसिस आणि तिच्या वरची पट्टी असमान घट्ट झाली की गाडीला पीळ बसतो. खाटेचा एक पाय आखूड असला की ती तिरपी डुगडुगते, तसंच इथे. स्प्रिंगांमुळे डुगडुग दिसत नाही, पण डाव्या वळणात गाडी घसरते आणि उजव्यात चिकटते. सर्वांत जास्त डोकेदुखी यानेच होते, आणि उपाय फुकटाचा आहे.

वरच्या पट्टीचे सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. चेसिस ग्रॅनाइटवर ठेवून तळहाताने दाबून धरा. मग स्क्रू तिरप्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा.

गाडी पूर्ण झाल्यावर, बॅटरीसकट, खात्री करायची. पुढच्या टोकाला चेसिसच्या बरोबर मध्यरेषेवर सुरीची पाठ लावून हळूच उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी ग्रॅनाइट सोडायला हवीत. तेच मागे करा. एक चाक मागाहून उठलं तर आधी अँटिरोल बार काढून पाहा. ही डाव्या-उजव्या आर्मला जोडणारी बारीक तार असते. तार काढल्यावर दोष गेला तर तारेच्या सळ्या जुळवा. नाही गेला तर स्प्रिंगचा ताण बदलणाऱ्या कॉलरी फिरवून पाहा. त्याआधी डावी-उजवी वजनं सारखी आहेत का तेही पाहा. बॅटरी एका बाजूला आणि इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या बाजूला बसतं, फरक उरतो तो पितळेच्या किंवा शिशाच्या पट्ट्या चिकटवून भरायचा.

सुरुवातीचे आकडे: कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन, १.५ ते २ अंश. मागच्या चाकांची तोंडं आत ३ अंश, पुढची सरळ. उंची ५ मिमी, खडबडीत सिमेंटवर ६ किंवा ७.

## पट्टा, बेअरिंग आणि रुई

पट्टा फार ताणला तर बेअरिंगं खातो आणि बॅटरी पितो. सैल सोडला तर जोर देताना किंवा ब्रेक मारताना ‘कटकट’ करत दात सुटतो. ताण बदलण्यासाठी डिफरन्शियल आणि स्पूलची बेअरिंगं ज्या गोल खुट्ट्यांत बसतात त्या फिरवायच्या. दोन्ही बाजूंच्या सारख्या फिरवा. हाताने स्पर फिरवला तर पट्टे आणि चारही चाकं बिनआवाज आणि बिनअडथळा फिरली पाहिजेत.

किटसोबत येणारी बेअरिंगं बहुधा हलकी फिरण्यासाठी केलेली असतात, धुळीसाठी नव्हे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत रुई तरंगते. ती पट्ट्याखाली गोळा होते आणि दांड्याभोवती गुंडाळली जाते. चाकांजवळची बेअरिंगं रबरी सीलची बदलून घ्या. थोडा वेग गेला तरी चालेल. दर फेरीनंतर मऊ ब्रशने पट्टे झाडा.

## वीज, बॅटरी आणि लोडशेडिंग

मोटरच्या आकड्यातला टर्न म्हणजे तारेचे वेढे. वेढे कमी तर वेग जास्त. १७.५ टर्न सुरुवातीला भरपूर होते, लांब सरळ पट्ट्यात गाडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाते. एकूण गिअर प्रमाण काढायला स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचं आतलं, म्हणजे पट्ट्याच्या दातेरी चाकांचं, प्रमाण. ९६ चा स्पर, ४० चा पिनियन, आतलं १.९ तर उत्तर ४.५६. शर्यतीत यापेक्षा छोटं प्रमाण लावतात, पण आपल्या उन्हात इथूनच सुरुवात करा. पाच मिनिटांनी मोटरचं तापमान मोजा. ८० अंशांच्या वर गेलं तर पिनियन दोन दातांनी लहान करा. पिनियन-स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, मोटरचे स्क्रू आवळा आणि पट्टी फिरवून काढा. अंतर नेमकं बसतं.

सर्व्होचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा, दांडा लावण्याआधी वीज देऊन सर्व्हो मध्यावर येऊ द्या. उलट केलंत तर पहिल्यांदा चालू करतानाच स्टिअरिंग टोकाला जाऊन सर्व्होचे दात तुटतात. स्पीड कंट्रोलरला (मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा भाग) बॅटरी जोडताना लाल-काळं दोनदा पाहा. तिथे दुसरी संधी नसते.

टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. दर सेल ३.३ च्या खाली नेऊ नका, आठवडाभर ठेवायची तर ३.८ वर. ६००० एमएएचच्या बॅटरीला चार्जिंग ६ अँपिअरने. घरी लाइट नसेल तर १२ व्होल्ट इनपुट असलेला चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, इंजिन बंद असताना. एक लायपो भरायला ट्रॅक्टरच्या बॅटरीतले साधारण ५ अँपिअर-अवर जातात, म्हणजे दोन-तीन बॅटऱ्या भरूनही ट्रॅक्टर सुरू होतो. चार्जिंगला बॅटरी वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा, खाटेवर नाही, आणि तिथून उठून जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीत लायपो ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं.

## चालवायची कुठे?

हा रास्त आक्षेप. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे गावातल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे उचकतात आणि चेसिस तिथेच आपटते. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत टाइल्सवर रबरी टायर पकडत नाहीत. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर रिकामं पडलेलं बाजार समितीचं शेड किंवा तालुका क्रीडा संकुलाचं पक्कं कोर्ट, रीतसर परवानगी घेऊन. झाडून घ्या. टाकाऊ ठिबकच्या १६ मिमी नळ्या जमिनीवर अंथरून मार्ग आखा, त्यांना धडकून गाडी तुटत नाही. ५० च्या वेगातली १३५० ग्रॅमची गाडी घोट्याला लागली तर हाड मोडू शकतं, म्हणून बघ्यांना नळीच्या बऱ्याच मागे उभं करा.

ड्रोनसारखी नोंदणी लागते का, हे हमखास विचारतात. २०२१ चे ड्रोन नियम उडणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, गाडीसाठी नाहीत. रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या पट्ट्याला भारतात परवाना लागत नाही. परदेशातून वायरलेस यंत्र मागवताना मात्र वेगळी मान्यता लागते, म्हणून रिमोट भारतातल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

## मागवताना

खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. मागवाल त्या दिवशीचा दर बघून, वर जीएसटी धरून, मगच हिशेब करा. डब्यावरची डॉलरमधली किंमत फसवी असते. सुटी लायपो परदेशातून मागवू नका. २०१६ पासून अशा बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत.

सुटे भाग किटबरोबरच घ्या, नाहीतर ४० रुपयांच्या वाटीसाठी महिनाभर गाडी कपाटात पडून राहते. तुटतं ते ठरलेलं: पुढचे आर्म, चाक धरणारा नकल, सळ्यांच्या वाट्या, स्पर. प्रत्येकी दोन आणि दोन्ही पट्टे एकेक. बॉडीवर फार खर्च करू नका. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते, आतून रंगवतात, महिन्याभरात तडकते.

पहिल्यांदा चालवताना आधी रिमोट चालू, मग गाडी; बंद करताना उलट. चाकं जमिनीवरून उचलून पाव ॲक्सिलरेटर द्या आणि चारही चाकं पुढेच फिरतात ना पाहा. पहिली बॅटरी निम्म्या वेगात संपवा. मग बॉडी काढून मोटरचे स्क्रू, पिनियनचा ग्रब आणि चाकांचे नट पुन्हा तपासा. नव्या गाडीत सैल होतात ते बहुधा हेच. डिफरन्शियलच्या कडेला बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर गॅस्केट तपासा.